चूळमावशी

मावशी माणसाकडे बघायची ती आधी त्याच्या खालच्या ओठाकडे. डोळ्यांकडे नंतर, तेही ओठाखाली काही नसेल तर. ओठ जरा फुगलेला दिसला किंवा एका बाजूचा गाल ताठ वाटला, की सडकी भाजी हाताला लागल्यासारखा तिचा चेहरा आक्रसायचा. मग ती एकच शब्द बोलायची, "चूळ." समोर कालच लागलेला ट्रेनी असो नाहीतर पुण्याहून आलेला मॅनेजर, शब्द तोच आणि आवाजही तोच. मॅनेजर लोक हसण्यावारी न्यायचे, ट्रेनी घाबरून बेसिनकडे पळायचे. हजेरीच्या यादीत तिचं नाव पार्वती होतं, पण सगळ्या कंपनीत ती चूळमावशी होती.

आमची कंपनी रसायनीजवळ, पाताळगंगेच्या काठी. रसायनांचं काम, त्यामुळे गेटवरच काडेपेटी, लायटर, बिडी, सिगरेट सगळं काढून ठेवावं लागतं. आत ठिणगी चालत नाही. तंबाखूला ठिणगी लागत नाही, म्हणून ती आत येते. पाकिटात येते, मोज्यात येते, हेल्मेटच्या आतल्या पट्ट्यात खोचून येते. मी लोधिवलीहून मोटरसायकलवर यायचो आणि हजेरी लावली की आधी तंबाखूचा बार भरायचो, मग हेल्मेट चढवायचो. सतराव्या वर्षी तंबाखू लागली, नोकरी लागल्यावर गुटखा. पुढे गुटख्यावर बंदी आली. बंदी कागदावर राहिली आणि पुडी टपरीवर मिळत राहिली.

खालून कंट्रोल रूमला जाणारा एक जिना आहे. त्याच्या वळणावर डाव्या हाताला एक कोपरा होता. म्हणजे कोपरा अजून आहे, पण तेव्हा तो जसा होता तसा आता नाही. गुडघ्याच्या उंचीपर्यंत भिंत तपकिरी. वरचा थर वाळून पापुद्रे धरलेला, खालचा ओला, कडेला चुन्याची पांढरी रेघ, मधे सुपारीचे चोथे आणि सर्दीच्या दिवसांत त्यात बेडकेही. तेव्हा मी दिवसातून सहा-सात वेळा त्यात भर घालत होतो आणि मला काहीसुद्धा वाटत नव्हतं. मावशी रोज सकाळी बादली, खराटा आणि पत्र्याची पट्टी घेऊन तिथे उकिडवी बसायची. आधी पट्टीने खरवडायचं, मग पाणी मारायचं. तिला कोणाची पिचकारी कोणती ते कळायचं. "हाफिसवाले केशरवाली खातात," ती म्हणायची, "वास गोड येतो. गोड वासानं जास्त वकारी येते."

मी तिथे लागून दोन-तीन महिने झाले असतील. एकदा वळणावर मान वाकडी केली आणि थुंकून मोकळा झालो, तर खालच्या पायरीवर मावशी उभी. मला वाटलं, आता शिव्या येतील. तिने विचारलं, "लोदिवलीचा ना रं तू? कोनाचा?" तोंडात अजून शिल्लक होतं, तसंच मी वडलांचं नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं. "म्हंजे शेतकऱ्याचाच हायस," ती म्हणाली. मग तिने हातातल्या खराट्याने जिन्याच्या पायरीवर टकटक केलं. "हा जिना हाय ना, हितं माज्या सासऱ्याचं भाताचं खाचर व्हतं. लावणीला उतरायच्या आदी आमी चपला बांधावर काढायचो. पोराला मुतायला लागली तरी उचलून बांधाच्या पल्याड न्यायचो. आन् तुमी हितं थुकता."

मी मान हलवली, वर गेलो आणि उरलेलं बेसिनमध्ये थुंकलो. कंपनीसाठी जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली होती, ती तिच्या दिराने घेतली. नवरा गेल्यावर तिला ठेकेदाराकडे सफाईचं काम मिळालं. ज्या मातीत चपला घालून उतरली नाही, त्याच मातीवर बसून ती आमची थुंकी खरवडत होती. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याच कोपऱ्यात थुंकलो.

तिच्या मनात आलं असावं की या पोरांनी हे एकदा जवळून बघायला हवं. एका दुपारी तिने मला बेसिनपाशी बोलावलं. पाणी तुंबलं होतं. तिने खाली बसून पाइपाची वाटी फिरवून काढली आणि माझ्यासमोर फरशीवर पालथी केली. त्यातून जे पडलं ते पाण्यासारखं नव्हतं. काळपट, बुळबुळीत, केसांनी एकत्र धरलेला एक गोळा, आणि त्याचा वास असा की मी भिंतीला धरून वाकलो. दुपारचं जेवण वर आलं. मावशी शांतपणे म्हणाली, "तुजंच हाय. ओळख पटली का?" मी तोंड धुतलं, बाहेर आलो, झाडाखाली बसलो आणि तोंडाची चव जावी म्हणून पुडी फोडली. मावशी खिडकीतून बघत होती. त्या दिवसानंतर तिने कोणाला किळस दाखवायचा नाद सोडला. ती म्हणायची, "किळस आली का मानूस तोंड फिरवतो. सवय फिरवीत नाय."

कंपनीनेही उपाय केले होते. 'थुंकू नये' अशी पाटी लावली, तिच्यावर पिचकाऱ्या पडल्या. मग कोणाच्या तरी डोक्यातून देवाच्या टाइल्स आल्या. त्या कोपऱ्यात बसवल्यावर लोक टाइल्सना हात जोडायचे आणि दीड फूट सरकून थुंकायचे. मावशीला आता देवही पुसावे लागायचे आणि शेजारची भिंतही. तिने मॅनेजरला सरळ सांगितलं, "सायब, देवाला तरी हितनं सोडवा." टाइल्स निघाल्या.

तिला खरी गोष्ट सापडली ती अण्णा वेल्डरमुळे. अण्णाला हृदयाचा झटका आला, वाचला आणि त्याने तंबाखू खरोखर सोडली. सहा महिने त्याच्या तोंडात काही नव्हतं. पण जिन्याच्या वळणावर आला की त्याची मान डावीकडे वळायची आणि तो थू करायचा. कोरडं. बाहेर काहीच पडायचं नाही. त्याला स्वतःला ते माहीतही नव्हतं. मावशीने त्याला चार दिवस बघितलं आणि मग मला येऊन सांगितलं, कारण हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. "तोंडात काय नाय, तरी थुकला. दिन्या, मानूस नाय थुकत रं. जिना थुकतो."

मग तिने सुपरवायझरच्या मागे लागून जिना रंगवायला काढला. आठ दिवस आम्हाला मागच्या लोखंडी जिन्याने वर जावं लागलं. तिथेही वळण होतं, कोपरा होता, भिंत होती. पण पहिले तीन-चार दिवस तिथे कोणी थुंकलं नाही. तोंड भरलेली माणसं वळणावर येऊन क्षणभर घोटाळायची आणि तशीच वर जायची. पाचव्या दिवशी पहिला डाग पडला. मावशी रोज जाऊन बघत होती. "नव्या जाग्याला मान गोंधळते," ती म्हणाली, "तेवड्यात धरायला पायजे. एकदा का ती शिकली, का मंग झालं." रंगवलेला जिना उघडला आणि थोड्याच दिवसांत तो कोपरा पुन्हा तपकिरी झाला.

याच सुमारास माझं तोंड बिघडलं. कॅन्टीनचा रस्सा झोंबायला लागला. गालाच्या आतून कोणीतरी चटका दिल्यासारखं वाटायचं. एक दिवस वडापाव घेतला, तर तो तोंडात जाईना. मी तो दाबून चपटा केला आणि कडेने कुरतडायला लागलो. मावशी पलीकडच्या टेबलावर फडकं मारत होती. ती आली आणि म्हणाली, "तीन बोटं उभी धरून घाल तोंडात."

"कशाला?"

"घाल तर."

दोन बोटं गेली. तिसरं जाईना. मी हसून घेतलं, पण ती हसली नाही. तिने फडकं टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. कॅन्टीनमध्ये ती कधी कोणासमोर बसलेली मी पाहिली नव्हती.

"माज्या धन्याचं असंच झालं," ती म्हणाली. "आदी झोंबायला लागलं. मंग तोंड उगडंना. मंग गालाला गाठ आली. दवाखान्यात जाईस्तवर गाल फुटला व्हता. मी पेज भरवायची आन् ती गालाच्या भोकातनं बाहेर यायची. फडक्यानं पुसायची, परत भरवायची. वास असा यायचा का शेजारच्यांनी दारं लावून घेतली." कॅन्टीनमध्ये भांड्यांचा आवाज होता, तिचा आवाज त्याच्याही खाली गेला. "मला किळस आली रं. माज्या धन्याची. पेज भरवताना मी श्वास धरून बसायची. त्याला ते कळायचं. शेवटी त्यानं पेज मागायचीच सोडली."

मी वडापाव तसाच ठेवला. ती उठली, फडकं उचललं आणि म्हणाली, "बुदवारी डाक्टरीनबाई येते. मी तुला घिऊन जानार हाय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पनवेलहून आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी बॅटरीने तोंड बघितलं आणि सांगितलं की आतली कातडी चामड्यासारखी ताठ झाली आहे, ती पूर्ण पहिल्यासारखी होणार नाही, पण तंबाखू-गुटखा खाणं आज थांबवलं तर पुढचं थांबू शकेल. मी म्हणालो, "सोडतो. चार वेळा सोडली आहे याआधी." मावशी दारात उभी राहून ऐकत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुडी फोडायची असं तुम्ही ठरवता का? म्हणजे मनात विचार येतो, मग हात जातो?" मी विचार केला. खरं तर विचार येतच नव्हता. हात खिशात गेलेला असायचा, मग मला कळायचं.

"तेच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी इतक्या वेळा लोकांना सांगितलं आहे की आता ते माझंच वाटतं. एखादी गोष्ट नवी असते तेव्हा मेंदू तिच्यावर कष्ट करतो. मोटरसायकल शिकताना क्लच कुठे, ब्रेक कुठे, हे प्रत्येक वेळी आठवावं लागतं. तीच गोष्ट रोज, त्याच वेळी, त्याच जागी केली की मेंदू ती आतल्या भागाकडे सोपवतो, जो न विचारता काम करतो. मेंदूला तेवढाच आराम. मग चहा संपला, सायरन वाजला, जिन्याचं वळण आलं, एवढी खूण पुरते आणि बाकीचं आपोआप होतं. वर तंबाखूने जी तरतरी मिळते, तिच्यामुळे मेंदू ती गोष्ट आणखी घट्ट धरतो. "आणि ही जुनी सवय पुसली जात नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्लान्टमध्ये जुनी पाइपलाइन नको झाली तर उखडून काढता का?"

"नाही. झाकण मारून बंद करतो आणि शेजारून नवी टाकतो."

"मेंदूचंही साधारण तसंच. खूण तीच राहणार. ती आली की दुसरं काहीतरी करायचं, दर वेळी तेच. आधी ते खोटं वाटेल. करत राहिलात की हळूहळू मेंदू त्याच्याकडे वळायला लागतो. जुनी वापरात नसली की कमजोर पडते, पण असते. थकलात, टेन्शन आलं, की ती पुन्हा डोकं वर काढते. तसं झालं तर आपण नालायक आहोत असं समजू नका."

मावशी दारातून म्हणाली, "म्हंजे जिनाच थुकतो." डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मी समजावून सांगितल्यावर त्या मावशीकडे वळून म्हणाल्या, "मी सांगितलं त्यापेक्षा हे बरं आहे."

एका गोष्टीवरून मात्र दोघींचं जुळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंबाखूची डबी फेकून द्या. मावशी म्हणाली, "डबी ऱ्हाऊ दे. हात तर जानारच खिशात. रिकामा आला तर दुसऱ्याच्या खिशात जाईल." दुसऱ्या दिवशी तिने घरून भाजलेले चिंचोके आणले, वरची सालं काढून, मिठाच्या पाण्यात भिजवलेले. माझी डबी राखुंडीने घासून धुतली आणि त्यात भरले. "चावू नको. गालात धरून बस. आन् त्याच्याआदी चूळ. चूळ भरल्याबिगर चिंचोका नाय." ते मी दर वेळी करायचं होतं. चहानंतर चूळ, चिंचोका. सायरननंतर चूळ, चिंचोका. जिन्याच्या वळणावर तिने पाण्याची बाटली ठेवली. शिवाय तोंड उघडण्यासाठी मी आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज एकेक वाढवायची, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

पहिला आठवडा मी माणसांत नव्हतो. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, घरी बायकोवर खेकसायचो. चिंचोका तोंडात म्हणजे तोंडात मातीचा खडा. मित्र विचारायचे, "काय रं, दात आलं का?" महिनाभराने एके दिवशी माझ्या लक्षात आलं की चहानंतर मी चूळ भरून आलो होतो आणि ती कधी भरली ते मला आठवत नव्हतं. मी मावशीला जाऊन सांगितलं. तिने फक्त मान हलवली आणि म्हणाली, "शिकलं."

मग शटडाऊन आला. वर्षातून एकदा प्लान्ट बंद ठेवून दुरुस्ती करतात, तो काळ. बारा-बारा तास उभं राहायचं, ठेकेदाराची माणसं, गोंधळ. माझ्याकडच्या पाइपलाइनचा एक जोड गळायला लागला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापलं. शेजारच्याने न बोलता तळहात पुढे केला. त्यावर मळलेली तंबाखू होती. माझी बोटं त्यातून चिमूट उचलून ओठाखाली ठेवून मोकळी झाली तेव्हा मी अजून साहेबांकडेच बघत होतो. तासाभराने मावशी समोर आली. तिने नेहमीप्रमाणे बघितलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती मला सोडून देईल, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. ती म्हणाली, "चूळ भर. पयल्यापासनं मोजत बसू नको. जितं व्हतास तितनं म्होरं चाल."

इथपर्यंत सगळं तिच्या बाजूने होतं. ती स्वच्छ, आम्ही घाण. मग एक सकाळ आली. मी लवकर पोचलो होतो आणि मोटरसायकल लावायला पंपहाउसच्या मागे गेलो. मावशी तिथे भिंतीकडे तोंड करून बसली होती. उजव्या हाताची तर्जनी काळी, ओठाखालून काळं पाणी हनुवटीवर आलेलं. मशेरी. जाळलेली तंबाखू कुटून दातांना लावतात ती. माझ्या घरी आजी लावायची, मला तो वास ओळखता येतो. मावशीने वळून बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर फक्त आमच्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं.

मला राग आला. इतका की मी बोललो, "सगळ्या कंपनीला चूळ भरायला लावतेस आणि स्वतः हे?"

तिने नळाखाली बोट धरलं, तोंड धुतलं, पदराने पुसलं. "सात-आठ वर्साची असल्यापासनं लावते," ती म्हणाली. "धनी गेल्यावर सोडली व्हती. शप्पत घेतली व्हती. मंग हे काम लागलं. पयल्या दिवशी त्या कोपऱ्यात बसली आन् वकली. दुसऱ्या दिवशी वकली. तिसऱ्या दिवशी शेजारनीनं मशेरी दिली. म्हनाली, लावून बस, वास येनार नाय. खरंच नाय आला." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आता मला कोपऱ्यात जायचं असलं का बोट आपोआप जातं. तुजी चहानंतरची, माजी थुकीच्या आदीची. मी कोनाला काय तोंडानं सांगू?"

इतके महिने मी आमच्या घाणीची किळस शिकलो होतो, पण ती घाण उचलायला तिला काय तोंडात घालावं लागतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्ही थुंकत होतो म्हणून ती मशेरी लावत होती. तिच्या सवयीची खूण आम्ही रोज त्या भिंतीवर ताजी करून ठेवत होतो.

मी फार विचार केला असं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी आलो, तिची बादली आणि पत्र्याची पट्टी घेतली आणि कोपऱ्यात बसलो. तिला सांगितलं, "तू आज हिकडं यायचं नाय. चूळ भर आन् वरची खोली झाड." मी पट्टी लावली. पापुद्रा निघाला आणि खालून ओलं आलं. ते हाताला लागलं, मनगटावरून आत उतरलं. वास नाकात नाही, घशात बसतो. मी दोनदा ओकलो. जाणारे-येणारे हसले. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. एकाने वळणावर येऊन सवयीने मान वळवली, खाली मी दिसलो आणि तोंड भरलेलं तसंच घेऊन तो वर गेला. दोन महिने मी रोज ते केलं. तिसऱ्या आठवड्यापासून अण्णा वेल्डरही यायला लागला. आपण कोरडं थुंकतो हे त्याला मी सांगितलं होतं आणि तो फार शरमला होता. भिंतीसमोर ओळखीची माणसं बसलेली असली की थुंकणाऱ्याला जड जातं. कोपरा हळूहळू वाळला. पूर्ण कधीच नाही. पण खरवडायचं राहिलं नाही, पुसलं की निघायला लागलं.

मावशीला सोडायला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागला. सात वर्षांच्या पोरीने धरलेली गोष्ट ती. तिच्यासाठी चिंचोक्याचा उपयोग झाला नाही, तिला हिरड्यांवर काहीतरी घासलेलं हवं असायचं. ती कडुलिंबाची काडी चावायची आणि तोंड वाकडं करायची. मधे दोनदा चुकली, दोन्ही वेळा मला येऊन सांगितलं. मी तिला तिचंच वाक्य ऐकवायचो आणि ती म्हणायची, "शाना झालास." वर्षभराने तिचं बोट काळं दिसेनासं झालं.

उशीर झाला होता तो तिच्या हिरडीला. डॉक्टरीणबाईंनी एकदा तिचंही तोंड बघितलं आणि आत पांढरा चट्टा सापडला. मुंबईच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, खालच्या जबड्याचा एक तुकडा काढला. मी तिला भेटायला तिच्या गावी जायचो तेव्हा ती ओट्यावर बसलेली असायची, लाळ गळायची ती तिला कळायची नाही. सून न बोलता पुसायची आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. मावशी सुनेच्या चेहऱ्याकडे एकटक बघायची. एकदा सून आत गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. तिचं बोलणं आता नीट कळायचं नाही, शब्द सुटे करून सांगावे लागायचे. ती म्हणाली, "हिला. किळस. येत. नाय." आणि रडायला लागली. आपल्याला जमलं नाही ते या पोरीला कसं जमतं, हे तिला कळत नव्हतं. मला वाटतं, तिच्या आयुष्यात त्या ओट्यावरच्या दिवसांइतकं नवल तिला कशाचं वाटलं नसेल.

ती गेली तेव्हा मी कामावर होतो. दहाव्याला मात्र गेलो. नदीवरचं सगळं आटोपून माणसं मांडवात बसली, जेवणं झाली. मग आमच्याकडे रीत आहे तसं ताट फिरायला लागलं. पान, सुपारी, चुना आणि मधोमध तंबाखूची रास. जिला आणि जिच्या नवऱ्याला याच राशीने नेलं, तिच्या दहाव्याचं ताट. मी माणसांकडे बघत होतो. हे सगळे तिचे भाऊबंद, तिचं तोंड बघून आलेले, ते निवांत मळत होते, तळहातावर थाप मारत होते, ओठ ताणून आत ठेवत होते. तिच्या मुलाने डोक्यावरून टॉवेल घेतला होता. त्यानेही चिमूट उचलली.

ताट माझ्यासमोर आलं. तिचे म्हातारे दीर ते धरून होते. आणि माझा उजवा हात मांडीवरून उठला. मी तो बघितला. तो ताटाच्या दिशेने निम्मा गेला होता, अंगठा आणि पहिलं बोट जुळत आलेली. मला कोणी विचारलं नव्हतं, मी काही ठरवलं नव्हतं. मी तो परत मांडीवर आणून ठेवला आणि डाव्या हाताने धरून बसलो.

म्हातारबा थांबले होते. "काय रं, सोडलीस का?"

"सोडतोय."

"कवापासनं?"

"सात वर्सं झाली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं आणि ताट पुढच्याकडे सरकवलं.